वेगळ्या ड्राइव्हवरील विंडोज आणि लिनक्स: बूटच्या अडचणींचा माग

विंडोज आणि लिनक्स या दोन्ही सिस्टिम एकाच संगणकावर ठेवायच्या असतील तर त्या दोन स्वतंत्र ड्राइव्हवर ठेवाव्यात, म्हणजे एकीच्या भानगडीचा दुसरीला उपसर्ग होत नाही, असा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो चुकीचा नाही. मात्र तो अर्धवट आहे, हे मला विंडोजचा ड्राइव्ह काढून त्याजागी मोठा ड्राइव्ह बसवायला घेतला तेव्हा समजले. माझ्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर एनव्हीएमई एसएसडीसाठी दोन स्लॉट आहेत. पहिल्यात विंडोजचा ड्राइव्ह आधीपासून होता. दुसऱ्यात नवा ड्राइव्ह बसवून त्यावर लिनक्स घातले होते. संगणक सुरू केला की लिनक्सच्या ग्रब या बूटलोडरचा, म्हणजे सिस्टिम सुरू करून देणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचा, मेन्यू येत असे, त्यात दोन्ही सिस्टिमची नावे असत आणि हवी ती निवडता येत असे. हा मेन्यू नेमका कुठल्या ड्राइव्हवरून येतो, हा प्रश्न तोवर पडण्याचे कारणच नव्हते.

पहिल्या स्लॉटमधला बारीक स्क्रू काढून विंडोजचा ड्राइव्ह बाहेर घेतला आणि संगणक सुरू केला. अपेक्षा अशी की आता सरळ लिनक्स उघडेल. प्रत्यक्षात काळ्या पडद्यावर बूट करण्याजोगे उपकरण सापडले नाही, असा संदेश आला आणि संगणक तिथेच थांबला. जुना ड्राइव्ह पुन्हा बसवला, तर ग्रबचा मेन्यू हजर आणि लिनक्सही व्यवस्थित सुरू. याचा अर्थ लिनक्सच्या ड्राइव्हवरील सगळ्या फाइली शाबूत होत्या. फक्त त्यांच्यापर्यंत पोहोचण्याची वाट विंडोजच्या ड्राइव्हवरून जात होती.

पुढचे समजण्यासाठी यूईएफआय फर्मवेअर, म्हणजे संगणक सुरू करणारा मदरबोर्डवरील मूळ प्रोग्रॅम, सुरुवातीला काय करते ते थोडक्यात सांगणे भाग आहे. त्याआधीच्या जुन्या बायोस या फर्मवेअरमध्ये ड्राइव्हच्या पहिल्याच सेक्टरमधला छोटा प्रोग्रॅम चालवला जात असे, त्यामुळे कोणत्या ड्राइव्हवरून बूट करायचे एवढे ठरवले की काम भागत होते. यूईएफआय मात्र मदरबोर्डवरील कायमस्वरूपी स्मृतीत, म्हणजे एनव्हीरॅममध्ये, नोंदींची एक यादी ठेवते. प्रत्येक नोंदीत एका पार्टिशनची, म्हणजे ड्राइव्हच्या एका विभागाची, ओळख आणि त्या पार्टिशनवरील एका फाइलचा पत्ता असतो. हे पार्टिशन म्हणजे फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेले ईएफआय सिस्टिम पार्टिशन, ज्याला बोलताना सगळे ईएसपी म्हणतात. विंडोजचा बूटलोडर त्यातील मायक्रोसॉफ्ट नावाच्या फोल्डरमध्ये असतो, तर लिनक्सचा त्या वितरणाच्या, म्हणजे लिनक्सच्या त्या प्रकाराच्या, नावाच्या फोल्डरमध्ये. एका ईएसपीवर अनेक सिस्टिमचे बूटलोडर सुखाने नांदू शकतात, आणि नेमकी हीच सोय माझ्या अडचणीचे मूळ होती.

लिनक्समध्ये ही यादी पाहण्यासाठी ईएफआयबूटएमजीआर ही आज्ञा आहे. तिला तपशिलाचा पर्याय जोडला की प्रत्येक नोंदीपुढे पार्टिशनचा क्रमांक, त्याची लांबलचक जीयूआयडी ओळख, सुरुवातीचा सेक्टर आणि आकार असे सगळे छापून येते. माझ्याकडे शून्य क्रमांकाची नोंद विंडोज बूट मॅनेजरची होती आणि तिच्याखालची लिनक्सची. दोन्हींमध्ये फाइलचा पत्ता वेगळा होता, पण त्याआधीची जीयूआयडी अक्षरन् अक्षर सारखी. आकाराच्या जागी दोन्हीकडे सोळाच्या पायातली ३२००० ही संख्या होती. ती दशमानात २,०४,८०० होते, आणि ५१२ बाइटच्या तितक्या सेक्टरांचा आकार बरोबर १०० एमबी भरतो. विंडोज स्वतः इन्स्टॉल होताना साधारणपणे एवढ्याच आकाराचे ईएसपी तयार करते. जीयूआयडी जुळवून पाहण्याआधीच या एका आकड्यावरून लिनक्सचा बूटलोडर कुठे जाऊन बसला आहे याची कल्पना आली.

खात्रीसाठी एलएसबीएलके या आज्ञेने दोन्ही ड्राइव्हवरील पार्टिशनांची यादी काढली. लिनक्सच्या ड्राइव्हवर मी इन्स्टॉल करताना मुद्दाम ५१२ एमबीचे ईएसपी तयार केले होते आणि ते तिथे होतेही. ते माउंट करून, म्हणजे चालू सिस्टिमला जोडून, उघडले तर आत काहीच नव्हते, एक फोल्डरसुद्धा नाही. मग एफएसटॅब फाइल पाहिली. सुरू होताना कोणते पार्टिशन कुठे जोडायचे हे लिनक्स या फाइलमधून वाचते, आणि तीत ईएसपीच्या ओळीपुढे जी छोटी, मध्ये आडवी रेघ असलेली आठ अक्षरांची ओळख होती ती विंडोजच्या ड्राइव्हवरील ईएसपीची निघाली. थोडक्यात, रिकामे ईएसपी शोभेला होते आणि सगळा कारभार शेजारच्या ड्राइव्हवरून चालला होता.

हे इन्स्टॉलरने केले होते. बूटलोडर कुठल्या उपकरणावर बसवायचा, असे विचारणारी एक चौकट इन्स्टॉलरमध्ये असते आणि तीत मी दुसरा ड्राइव्ह निवडला होता. परंतु ही चौकट मुळात बायोसच्या काळातली आहे. तेव्हा ती पहिल्या सेक्टरची जागा ठरवत असे. यूईएफआयमध्ये काही इन्स्टॉलर तिच्याकडे दुर्लक्ष करून संगणकावर जे ईएसपी पहिल्यांदा सापडेल ते वापरतात. ते वर्तन समजण्यासारखे असले, तरी पडद्यावर एक पर्याय दाखवायचा आणि प्रत्यक्षात दुसरेच करायचे, हे वापरणाऱ्याच्या विश्वासाला तडा देणारे आहे असे माझे मत आहे. विंडोजचा इन्स्टॉलरही याला अपवाद नाही. दुसऱ्या ड्राइव्हवर आधीचे ईएसपी दिसले तर तोही नवे न बनवता त्याच्यातच आपला बूटलोडर ठेवू शकतो.

दुरुस्तीसाठी जुना ड्राइव्ह जागेवर ठेवून लिनक्समध्येच काम करता आले, ही जमेची बाजू. दुसऱ्या ड्राइव्हवरील रिकाम्या पार्टिशनचा प्रकार खरोखर ईएफआय सिस्टिम असाच नोंदलेला आहे ना, हे आधी पाहिले. नुसते फॅट३२ असून भागत नाही, पार्टिशनच्या तक्त्यात तसा प्रकार असावा लागतो. मग चालू सिस्टिममधून विंडोजचे ईएसपी अनमाउंट केले, एफएसटॅबमधील त्याची ओळख काढून तिथे रिकाम्या ईएसपीची ओळख लिहिली आणि ते त्याच जागी माउंट केले. एफएसटॅबमधला हा बदल सहज राहून जाण्यासारखा आहे. तो केला नाही तर बूटलोडर नव्या जागी बसतो, पण पुढे विंडोजचा ड्राइव्ह काढल्यावर लिनक्स सुरू होताना न सापडणाऱ्या पार्टिशनची ९० सेकंद वाट पाहते आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन पासवर्ड मागत बसते. दोन ड्राइव्हपैकी कुठला कधी काढला जाईल हे सांगता येत नसेल, तर दुसऱ्या ड्राइव्हवरील डेटा पार्टिशनांच्या ओळींना नोफेल हा पर्याय जोडावा. त्याने ते पार्टिशन नसले तरी सिस्टिम अडून राहत नाही.

ओळख लिहिताना ड्राइव्हच्या शून्य आणि एक अशा क्रमांकांवर विसंबू नये, हेही इथेच सांगतो. एनव्हीएमई ड्राइव्हना लिनक्स देत असलेले हे क्रमांक ज्या क्रमाने ते ओळखले जातात त्यावर ठरतात, आणि दोन वेळा सुरू केल्यावर तो क्रम उलटू शकतो. यूयूआयडी, म्हणजे एफएसटॅबमध्ये लिहिलेली ही ओळख, मात्र पार्टिशन पुन्हा फॉरमॅट करेपर्यंत बदलत नाही.

यानंतर ग्रब-इन्स्टॉल ही आज्ञा ६४-बिट ईएफआय हे लक्ष्य आणि नव्या ईएसपीची जागा देऊन चालवली, आणि पाठोपाठ ग्रबचा मेन्यू नव्याने बनवणारी अपडेट-ग्रब. ग्रब-इन्स्टॉल ही आज्ञा त्याच नावाची जुनी नोंद काढून नवी लिहिते, म्हणून एनव्हीरॅमची यादी पुन्हा पाहिली तेव्हा लिनक्सच्या नोंदीपुढे वेगळी जीयूआयडी आणि ५१२ एमबीचा आकार दिसला. विंडोजच्या ईएसपीवरील लिनक्सचे जुने फोल्डर लगेच पुसले नाही. नवी वाट चालते हे सिद्ध होईपर्यंत जुनी वाट बुजवण्यात शहाणपण नसते.

लिनक्स मुळीच सुरू होत नसते, म्हणजे जुना ड्राइव्ह आधीच पुसला गेला असता, तर हेच काम लाइव्ह पेन ड्राइव्हवरून, म्हणजे इन्स्टॉल न करता थेट चालणारे लिनक्स असलेल्या पेन ड्राइव्हवरून, करावे लागले असते. त्याची रीत अशी: पेन ड्राइव्हवरील सिस्टिम सुरू करायची, लिनक्सचे मूळ पार्टिशन एका फोल्डरवर माउंट करायचे, त्याच्या आत ईएसपी त्याच्या जागी माउंट करायचे, डेव्ह, प्रॉक, सिस आणि रन हे चार सिस्टिम फोल्डर आत बांधून घ्यायचे, सीएचरूट आज्ञेने त्या सिस्टिममध्ये शिरायचे आणि मग वरच्याच दोन आज्ञा द्यायच्या. यात लोक हमखास अडकतात ती जागा वेगळीच आहे. फर्मवेअरच्या मेन्यूत एकच पेन ड्राइव्ह बऱ्याचदा दोनदा दिसतो, एकदा नुसत्या नावाने आणि एकदा यूईएफआय असे पुढे लावून. पहिला पर्याय निवडला तर लाइव्ह सिस्टिम बायोस पद्धतीने सुरू होते, आणि त्या अवस्थेत एनव्हीरॅममध्ये नोंद लिहिताच येत नाही. आज्ञा चुका दाखवत राहते आणि माणूस पार्टिशनांमध्ये दोष शोधत बसतो. सिस फोल्डरमध्ये फर्मवेअर आणि त्यात ईएफआय नावाचे फोल्डर आहे का, एवढे पाहिले की आपण कुठल्या पद्धतीने सुरू झालो आहोत ते कळते.

आता खरी परीक्षा. विंडोजचा ड्राइव्ह पुन्हा काढला आणि संगणक सुरू केला. ग्रब आला, लिनक्स आले. नंतर लिनक्सचा ड्राइव्ह काढून फक्त विंडोजचा ठेवला; विंडोज आले. वेगळ्या ड्राइव्हवर सिस्टिम असल्याचा दावा ज्याला करायचा आहे त्याने हे दोन्ही प्रयोग करून पाहावेत असे मी म्हणेन, आणि तेही इन्स्टॉल केल्याबरोबर, अडचण यायच्या आधी. ज्यांना ड्राइव्ह काढणे गैरसोयीचे आहे त्यांनी फर्मवेअरमध्ये तो स्लॉट तात्पुरता बंद करण्याची सोय आहे का ते पाहावे; अनेक मदरबोर्डवर ती असते.

मोठ्या ड्राइव्हवर विंडोज नव्याने घालताना लिनक्सचा ड्राइव्ह मी बाहेरच ठेवला, जेणेकरून विंडोजच्या इन्स्टॉलरला दुसरे ईएसपी दिसणारच नाही. ते झाल्यावर दोन्ही ड्राइव्ह जागेवर बसवले आणि फर्मवेअरच्या यादीत दोन स्वतंत्र नोंदी, दोन स्वतंत्र जीयूआयडी असे चित्र मिळाले. ज्यांच्याकडे उलटा प्रकार झाला असेल, म्हणजे विंडोजचा बूटलोडर लिनक्सच्या ड्राइव्हवर जाऊन बसला असेल, त्यांना विंडोज पुन्हा घालण्याची गरज नाही. विंडोजच्या ड्राइव्हवर डिस्कपार्टच्या मदतीने एक छोटे ईएसपी तयार करून त्याला तात्पुरते अक्षर द्यावे आणि बीसीडीबूट या आज्ञेला विंडोजचे फोल्डर, ते अक्षर आणि यूईएफआय हा प्रकार सांगावा. ती बूटच्या सर्व फाइली तिथे उतरवते.

बूटलोडर वेगळे झाले, पण ग्रबच्या मेन्यूतून विंडोज गायब झाले. याचे कारण अपडेट-ग्रब चालताना पडद्यावरून झरकन वर जाणाऱ्या एका ओळीत लिहिलेले असते: ओएस-प्रोबर चालवला जाणार नाही. इतर सिस्टिम शोधणारा हा छोटा प्रोग्रॅम २०२१ मध्ये आलेल्या ग्रब २.०६ पासून सुरक्षिततेच्या कारणाने मुळातच बंद ठेवलेला असतो. ग्रबच्या सेटिंगच्या फाइलमध्ये तो बंद ठेवण्याच्या ओळीपुढे फॉल्स लिहून अपडेट-ग्रब पुन्हा चालवले की विंडोजचे नाव मेन्यूत परत येते. मी ते केले, नाव आले, ते निवडले आणि निळ्या पडद्यावर, ड्राइव्हवरील मजकूर कुलूपबंद ठेवणाऱ्या विंडोजच्या बिटलॉकरने ४८ अंकी रिकव्हरी की मागितली.

या ठिकाणी मला संपूर्ण प्रकरणाचा खरा आकार दिसला. ड्राइव्ह वेगळे झाले, ईएसपी वेगळी झाली, तरी मदरबोर्डवर काही गोष्टी दोन्ही सिस्टिमना सामाईकच राहतात: एनव्हीरॅम, सिक्युअर बूटच्या (फक्त मान्य सहीचा बूटलोडर चालू देणाऱ्या सोयीच्या) चाव्या, गुप्त चाव्या जपणारी टीपीएम चिप आणि घड्याळ. बिटलॉकरची चावी टीपीएमकडे असते, आणि सुरू होताना कुठला बूटलोडर कुणाच्या सहीने चालला याचे मोजमाप आधीसारखेच असेल तरच टीपीएम ती चावी देतो. विंडोज थेट फर्मवेअरमधून सुरू केले तर साखळी ओळखीची असते; मध्ये शिम, म्हणजे सिक्युअर बूटसाठी ग्रबच्या आधी चालणारा छोटा प्रोग्रॅम, आणि ग्रब आले की ती बदलते आणि टीपीएम चावी रोखून धरतो. त्याच्या दृष्टीने ते योग्यच आहे, कारण ड्राइव्हशी कुणी छेडछाड केली आहे की मालकानेच मेन्यूतून नाव निवडले आहे, हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. रिकव्हरी की आधीच छापून ठेवली होती म्हणून काम अडले नाही. फर्मवेअरच्या कुठल्याही सेटिंगला हात लावण्याआधी ती की हाताशी आहे ना हे पाहावे आणि शक्य तर बिटलॉकर विंडोजमधूनच तात्पुरता स्थगित करावा. घरगुती आवृत्तीतही डिव्हाइस एन्क्रिप्शन या नावाने तो चालू असू शकतो, त्यामुळे आपण कधी चालू केलाच नाही म्हणून निर्धास्त राहू नये.

यावर मी घेतलेला निर्णय अनेकांना मागे जाणारा वाटेल: ग्रबच्या मेन्यूतून विंडोजचे नाव मी पुन्हा काढून टाकले आणि ओएस-प्रोबर बंदच ठेवला. विंडोज हवे असेल तेव्हा सुरू होताना फर्मवेअरच्या बूट मेन्यूची कळ दाबतो आणि तिथून निवडतो. लिनक्समध्ये असताना विंडोजकडे जायचे असेल तर ईएफआयबूटएमजीआरला फक्त पुढच्या एका वेळेसाठी विंडोजची नोंद वापर असे सांगता येते. ती आज्ञा आणि रीस्टार्ट अशा दोन ओळींची एक छोटी स्क्रिप्ट लिहून ठेवली आहे. विंडोजकडून येताना सेटिंगमधील रिकव्हरीच्या पानावरून प्रगत पद्धतीने रीस्टार्ट करून उपकरण निवडता येते. ग्रबमधून दोन बाणांच्या कळांत होणारे काम असे लांबवणे ही गैरसोय आहे खरी, पण त्या बदल्यात कुठल्याही एका बूटलोडरला दुसऱ्याच्या अस्तित्वाची खबर असण्याची गरज उरत नाही, आणि मला तो सौदा मान्य आहे.

सामाईक गोष्टींमध्ये डेटा पार्टिशनचीही भर घालावी लागेल, कारण विंडोजच्या ड्राइव्हवरील एनटीएफएस या विंडोजच्या पद्धतीचे पार्टिशन मी लिनक्समधूनही वापरतो. ते एके दिवशी फक्त वाचण्यापुरते उघडू लागले आणि विंडोज हायबरनेट, म्हणजे चालू सत्र ड्राइव्हवर साठवून बंद झालेल्या, अवस्थेत असल्याचा संदेश आला. विंडोज तर शटडाउन केलेले होते. विंडोज ८ पासून असलेली फास्ट स्टार्टअप ही सोय शटडाउनच्या वेळी सिस्टिमचा गाभा हायबरफिल या फाइलमध्ये साठवून ठेवते, त्यामुळे त्या ड्राइव्हवरील पार्टिशने अर्धवट उघडी असल्यासारख्या स्थितीत राहतात. अशा वेळी लिनक्समधून जबरदस्तीने लिहिण्याचा पर्याय उपलब्ध असतो, पण तो वापरू नये. साठवलेले सत्र पुसले जाते आणि न जतन झालेले काम जाते. विंडोजमध्ये ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून पॉवरसीएफजी आज्ञेने हायबरनेशन बंद केले की फास्ट स्टार्टअपही बंद होते. लॅपटॉपवर ज्यांना हायबरनेशन हवे आहे त्यांनी पॉवरच्या पर्यायांमध्ये जाऊन फक्त फास्ट स्टार्टअपची खूण काढावी. मोठ्या अपडेटनंतर ही खूण पुन्हा पाहून घेणे बरे.

घड्याळाचा गोंधळ त्या मानाने किरकोळ. लिनक्समधून विंडोजमध्ये गेले की वेळ चुकलेली दिसते, कारण लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात यूटीसी ही जागतिक प्रमाणवेळ ठेवते आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजते. विंडोजच्या रजिस्ट्रीत रिअल टाइम इज युनिव्हर्सल हे मूल्य १ करून मी विंडोजलाच यूटीसी मानायला लावले. लिनक्सला स्थानिक वेळ वापरायला सांगणारी टाइमडेटसीटीएलची आज्ञाही आहे, पण ती दिली की तीच आज्ञा या पद्धतीच्या धोक्यांविषयी इशारा छापते, आणि तो वाचल्यावर मी पहिला मार्ग धरला.

सगळे बसले असे वाटत असताना मदरबोर्डचे फर्मवेअर अपडेट केले आणि दोन्ही सिस्टिम एकदम बंद पडल्या. विंडोज निळ्या पडद्यावर बूट उपकरणापर्यंत पोहोचता येत नाही असे सांगून थांबत होते. लिनक्समध्ये ग्रब येत होता, कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, सुरू होत होता आणि मग मूळ पार्टिशनची यूयूआयडी अस्तित्वात नाही असे म्हणून आज्ञा टाइप करण्याची एक ओकीबोकी शेल समोर येत होती. एकेक लक्षण सुटे पाहिले असते तर विंडोजची दुरुस्ती आणि लिनक्सची दुरुस्ती असे दोन उद्योग मागे लागले असते. पण दोन वेगळ्या ड्राइव्हवरील, वेगळ्या ईएसपीच्या, वेगळ्या सिस्टिम एकाच क्षणी बिघडतात तेव्हा दोष त्यांच्यात नसून त्यांच्या खालच्या थरात असतो. अपडेटने फर्मवेअरची सगळी सेटिंग मूळ स्थितीला नेली होती, आणि त्यात ड्राइव्हच्या कंट्रोलरची पद्धत पुन्हा रेड, म्हणजे अनेक ड्राइव्ह एकत्र बांधण्यासाठीची, झाली होती. या पद्धतीत एनव्हीएमई ड्राइव्ह कंट्रोलरच्या आड जातात. फर्मवेअरला ते दिसतात म्हणून बूटलोडर चालतो, पण सिस्टिमकडे त्यासाठीचा ड्रायव्हर नसेल तर पुढे अंधार. पद्धत पुन्हा एएचसीआय, म्हणजे ड्राइव्ह सुटे दाखवणारी, केली आणि एकाही फाइलला हात न लावता दोन्ही सिस्टिम परत आल्या. ज्यांचे विंडोज मुळातच रेड पद्धतीत घातलेले आहे आणि लिनक्ससाठी एएचसीआयकडे यायचे आहे, त्यांनी मात्र आधी बीसीडीएडिटने सेफ मोड ठरवावा, रीस्टार्ट करून फर्मवेअरमध्ये पद्धत बदलावी, विंडोजला एकदा सेफ मोडमध्ये सुरू होऊ द्यावे आणि मग तो काढून टाकावा. तसे न करता थेट बदल केला तर हाच निळा पडदा दिसतो.

त्याच अपडेटने एनव्हीरॅममधील लिनक्सची नोंदही पुसली होती, तरी लिनक्स सुरू झाले. नोंद नसलेल्या ड्राइव्हवर फर्मवेअर ईएफआय फोल्डरमधील बूट या फोल्डरात एका ठरावीक नावाची फाइल शोधते. पेन ड्राइव्हवरून बूट होते ते याच सोयीमुळे. ईएसपी वेगळे केले तेव्हाच मी ग्रबची एक प्रत त्या नावानेही ठेवली होती, आणि आता तीच उपयोगी पडली. नावाची नोंद नंतर पुन्हा लिहिली.

सामाईक थराचे आणखी एक उदाहरण अनेकांच्या लक्षात असेल. ऑगस्ट २०२४ मधील विंडोजच्या सुरक्षा अपडेटनंतर दोन सिस्टिम असलेल्या बऱ्याच संगणकांवर लिनक्सचा शिम सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन असा संदेश देऊन थांबू लागला. त्या अपडेटने जुन्या, सदोष बूटलोडरना नाकारणारी एसबीएटी नावाची यादी पुढे सरकवली होती, आणि ती यादी ड्राइव्हवर नव्हे तर फर्मवेअरच्या चलांमध्ये, म्हणजे एनव्हीरॅममधील मूल्यांमध्ये, राहते. त्यामुळे लिनक्स कितीही वेगळ्या ड्राइव्हवर असले तरी त्यातून सुटका नव्हती. लिनक्सच्या बाजूने शिम आणि ग्रब अद्ययावत ठेवणे हाच त्यावरचा सरळ उपाय, म्हणून महिनोन् महिने लिनक्स न उघडता फक्त विंडोज वापरणाऱ्यांनी अधूनमधून लिनक्सचे अपडेटही उरकून घ्यावेत.

आताच्या स्थितीत फर्मवेअरच्या मेन्यूत लिनक्स दोनदा दिसते, एकदा स्वतःच्या नावाने आणि एकदा ड्राइव्हच्या नावाने. दुसरी नोंद त्या ठरावीक नावाच्या प्रतीमुळे फर्मवेअर स्वतःच तयार करते आणि काढून टाकली तरी पुढच्या वेळी पुन्हा उगवते, म्हणून ती तशीच राहू दिली आहे. दोन्ही ईएसपींच्या जीयूआयडी, कंट्रोलरची पद्धत, सिक्युअर बूटची स्थिती आणि बिटलॉकरची की एवढे एका कागदावर लिहून तो संगणकाच्या खोक्यात ठेवला आहे, आणि फर्मवेअरचा पुढचा अपडेट करण्याआधी तो काढून बाजूला ठेवायचा आहे.